जनवारचा रॅम्प आणि मामाचं परसदार

खजुराहोला जाणारे बहुतेक जण मंदिरं बघतात, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो बघतात आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडतात. तुमचाही तसाच बेत असेल तर त्यात अर्धा दिवस जास्तीचा धरा. खजुराहोहून पन्ना शहर साधारण 45 किलोमीटरवर आहे आणि पन्ना शहरापासून दहा किलोमीटरच्या आत जनवार नावाचं एक गाव आहे. तिथे प्राचीन मंदिर नाही, किल्ला नाही. आहे तो काँक्रीटचा एक मोठा स्केटबोर्ड पार्क. शेतं, गुरं आणि मातीची घरं यांच्या शेजारी.

हा लेख त्या गावाबद्दल आहे. ते बघून आल्यावर आम्ही सागरला मामाच्या घरामागे एक छोटा रॅम्प बांधला, तो बिघडवला आणि पुन्हा बांधला, त्याबद्दलही आहे. तुमच्या घरी दहा ते सोळा वयाचं कुणी असेल तर हे वाचून झाल्यावर तेही परसदाराची मापं घ्यायला निघेल, हे आधीच सांगून ठेवते.

वाट ओळखीची निघते

आम्ही निघालो सागरहून. मामा, मामी, आजी, तेरा वर्षांची मामेबहीण, सोळा वर्षांचा मामेभाऊ आणि मी. सागर मध्य प्रदेशात असलं तरी तिथल्या जुन्या वस्तीत तुम्हाला अजून मराठी आडनावांच्या पाट्या दिसतील. त्यामागे इतिहास आहे. मोहम्मद खान बंगशने बुंदेलखंडावर चढाई केली तेव्हा महाराज छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांकडे मदत मागितली. 1729 मध्ये बाजीराव वेळेवर पोचले. त्या उपकाराची आठवण ठेवून छत्रसालांनी आपल्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांना दिला. त्या मुलखाची व्यवस्था बघायला आलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांनी सागरला ठाणं केलं आणि त्यांच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली. गोविंदपंतांचं मूळ आडनाव खेर. कोकणातला माणूस बुंदेलखंडात येऊन 'बुंदेले' झाला!

ही गोष्ट आजी गाडीत दर वेळी सांगते. मामेबहिणीला ती पाठ आहे, त्यामुळे ती खिडकीबाहेर बघत होती.

खजुराहोहून पन्न्याकडे जाताना मडला गावाजवळ केन नदी ओलांडावी लागते. पन्ना व्याघ्र प्रकल्पाचं एक प्रवेशद्वार इथेच आहे. 2009 पर्यंत या जंगलात एकही वाघ उरला नव्हता. मग बांधवगड, कान्हा अशा जंगलांतून वाघ आणून सोडले, त्यांना पिल्लं झाली आणि आज पन्न्याचे वाघ बघायला लोक लांबून येतात. पुढे घाट चढलात की पन्ना शहर. हिऱ्यांसाठी प्रसिद्ध. इथे आजही माणसं सरकारकडून जमिनीचा छोटा पट्टा घेऊन खणतात, माती धुतात आणि चाळणीत काही चमकतंय का ते बघतात. बहुतेकांच्या हाती खडेच लागतात.

संपलेले वाघ परत आणणारं जंगल आणि मातीत हिरे शोधणारं गाव. अशा भागात कुणी स्केटबोर्ड पार्क बांधला असेल तर तेवढं नवल वाटायला नको. तरी वाटतंच.

शेताच्या कडेला सिमेंटच्या लाटा

तुम्ही स्केटबोर्ड जवळून पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. हातभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना वर वळलेली लाकडी फळी आणि तिच्याखाली चार छोटी चाकं. एका पायाने जमिनीला रेटा द्यायचा, मग दोन्ही पाय फळीवर ठेवून तोल सांभाळायचा. सपाट जमिनीवर ही फळी थोड्या वेळाने थांबते. उतार मिळाला की ती पळते, आणि उतारासमोर चढ मिळाला की त्याच वेगात वर चढून परत फिरते. म्हणून रॅम्प लागतो. त्याचा पृष्ठभाग घसरगुंडीसारखा सरळ नसतो, वाटीच्या आतल्या बाजूसारखा गोलाईत वर चढत जातो.

जनवारला सुमारे साडेचारशे चौरस मीटरवर असे उतार, चढ आणि कठडे पसरलेले आहेत. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी तलावातल्या लाटांवर सिमेंट ओतलं आणि त्या तशाच थांबल्या.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. सुट्टीचा दिवस होता. बऱ्याच मुलांच्या पायात काही नव्हतं. अनवाणी पायांनी ती फळीवर उभी राहत, उतारावरून सुटत आणि समोरच्या चढावर जाऊन वळत. पडली की उठत. कुणी धावत जात नव्हतं, कुणी "लागलं का?" विचारत नव्हतं. पडणं हा खेळातलाच भाग होता, जसा लंगडीत दम संपणं असतो.

मामेभाऊ लगेच पुढे झाला. एका मुलाच्या हातातली फळी त्याने खुणेने मागितली. मुलाने ती दिली नाही. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मामेबहिणीकडे बोट दाखवलं आणि फळी तिच्या पायाशी सरकवली.

आम्हाला वाटलं, पाहुणी म्हणून मान दिला. कारण वेगळं होतं.

हा पार्क आला कुठून?

या पार्कमागे उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाई आहेत. अफगाणिस्तानात काबूलला 2007 मध्ये 'स्केटिस्तान' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. तिथे मुलामुलींना स्केटबोर्डच्या ओढीने शिक्षणाकडे आणलं जात होतं. त्या कामावरून उल्रिके यांना वाटलं, भारतातल्या खेड्यातही असं करून बघता येईल. कलाकारांनी रंगवलेल्या स्केटबोर्डच्या लिलावातून पैसे उभे राहिले. वेगवेगळ्या देशांतून स्वयंसेवक आले. गावातल्या लोकांबरोबर त्यांनी हाताने काँक्रीट घातलं आणि 2015 मध्ये पार्क मुलांसाठी खुला झाला. नाव ठेवलं 'जनवार कॅसल', म्हणजे जनवारचा किल्ला.

गावात आदिवासी आणि यादव यांची वस्ती आहे. एकमेकांकडे जाणं-येणं, मुलांनी एकत्र खेळणं फारसं नव्हतं. आता विचार करा, अशा गावात एक मैदान आयतं बांधून दिलं तर काय होईल? आपल्या सगळ्यांना उत्तर माहीत आहे. ज्यांचं चालतं ते आधी खेळतील. मोठी मुलं लहानांना हुसकतील. मुली कडेला उभ्या राहून बघतील आणि काही दिवसांनी बघायलाही येणार नाहीत. आपल्या सोसायटीच्या मैदानात याहून वेगळं काय होतं?

म्हणून जनवारला पार्कबरोबर दोन नियम आले. पहिला, 'नो स्कूल, नो स्केटबोर्डिंग'. शाळेत गेला नाहीत तर फळी मिळणार नाही. दुसरा, 'गर्ल्स फर्स्ट'. मुलीने फळी मागितली तर ती आधी तिला द्यायची.

मामेबहिणीला फळी मिळाली ती या दुसऱ्या नियमामुळे.

याच गावातली आशा गोंड ही आदिवासी मुलगी या पार्कवर स्केटबोर्ड शिकली. पुढे ती इंग्रजी शिकायला इंग्लंडला गेली. एकट्या मुलीला इतक्या लांब पाठवायला घरचे सहज तयार झाले नव्हते, त्यांना बराच काळ समजवावं लागलं. 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगला झालेल्या जागतिक स्पर्धेत ती भारताकडून उतरली. नंतर ती गावातल्या मुलांसाठी स्वतः काम करू लागली.

तुम्ही म्हणाल, एका मुलीचं भलं झालं, बाकीच्यांचं काय? प्रश्न बरोबर आहे. सिमेंटच्या चौथऱ्याने गरिबी जात नाही आणि जातही जात नाही. पण एका उतारावर उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणारी मुलं एकमेकांना नावाने ओळखू लागतात. एवढं तरी मी तिथे तासाभरात पाहिलं.

"आपल्याकडे का नाही?"

मामेबहीण त्या दिवशी सात वेळा पडली. तिनेच मोजलं होतं. आठव्या वेळी ती छोट्या चढावर जाऊन वळून परत आली आणि फळीवरून न पडता उतरली. परतीच्या वाटेवर पांडव धबधब्यापाशी थांबलो, तेव्हा पाण्याकडे न बघता ती मामाला म्हणाली, "बाबा, आपल्या परसात एक छोटा बांधू या ना."

मामाने "बघू" म्हटलं. बापाच्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

मामीने मात्र सरळ नाही म्हटलं. तिचं कोपर सोललं होतं ते मामीने पाहिलं होतं. "भावाने खेळायचं तर खेळू दे. मुलीची जात आहे, गुडघे फोडून घेतलेस तर ते डाग जन्मभर राहतात. उद्या लोक विचारतील." कोण लोक, ते तिने सांगितलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

तुमच्याही घरात ही मामी कुणाच्या तरी रूपात असेल. ती दुष्ट नसते. तिला जे विचारलं गेलं होतं, तेच ती पुढे विचारत असते.

घरी आल्यावर मामेबहिणीने हार मानली नाही. तिने माहिती गोळा केली. स्केटबोर्डिंग टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आलं आहे. 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही ते होतं आणि तिथे पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक जिंकलं. 'पुण्याची' म्हटल्यावर आजीने कान टवकारले. मग एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून 'स्केटर गर्ल' पाहिला. मंजरी माकिजानी यांचा 2021 चा हा चित्रपट राजस्थानात, उदयपूरजवळच्या खेमपूर गावात चित्रित झाला. एरवी चित्रपटाचा सेट काम झालं की मोडतात. इथे चित्रपटासाठी बांधलेला काँक्रीटचा पार्क गावातल्या मुलांसाठी तसाच ठेवला. उदयपूरला जाणार असाल तर हेही ठिकाण लक्षात असू द्या.

चित्रपट संपल्यावर आजी म्हणाली, "परसात नाहीतरी मोडकी कुंडीच पडून आहेत." झालं. मामाचा 'बघू' बदलला.

खिळा, दोरी आणि प्लाय

आता बांधकामाकडे येऊ. तुम्हाला खरंच बांधायचा असेल तर हा भाग नीट वाचा, कारण रॅम्प ओट्यासारखा बांधता येत नाही.

आमचा रॅम्प छोटा ठरवला. उंची 2 फूट, रुंदी 6 फूट. गोलाईसाठी 6 फुटांची त्रिज्या. म्हणजे 6 फूट दोरीच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि जमिनीवर ठेवलेल्या प्लायवर कंस काढायचा. या मापाने रॅम्प जमिनीवर साधारण साडेचार फूट जागा घेतो. त्रिज्या लहान घेतली तर चढ एकदम अंगावर येतो आणि शिकणारं मूल मागे फेकलं जातं. म्हणून सुरुवातीला उंची कमी आणि गोलाई पसरट हेच बरं. समोर पळायला सपाट जागा हवी. आमच्या परसात जुना सिमेंटचा कोबा होता, तो कामी आला.

कंस काढलेल्या प्लायच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. त्या रॅम्पच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. कडेला विटांच्या छोट्या भिंती आणि मधे भराव. भराव म्हणजे विटांचे तुकडे आणि मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. भराव सैल राहिला तर वर कितीही चांगलं काँक्रीट घाला, काही महिन्यांत खाली पोकळी होऊन ते तडकतं.

त्यावर 8 मिलिमीटरच्या सळयांची जाळी, दर सहा-आठ इंचांवर बांधलेली. जाळी भरावाला टेकू द्यायची नाही. तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवायचे, म्हणजे सळई काँक्रीटच्या पोटात राहते. रॅम्पच्या वरच्या कडेला दोन इंची लोखंडी पाइप आडवा. त्याला कोपिंग म्हणतात. चाकं त्याच्यावर टेकतात, घासतात. कड नुसती सिमेंटची ठेवली तर तिचे टवके उडतात. पाइपला मागून सळईचे तुकडे वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये रुतवायचे, नाहीतर पाइप एक दिवस सुटून हातात येतो.

काँक्रीटचं प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. जाडी चार इंच. रॅम्प आणि वर उभं राहायचा छोटा कट्टा मिळून आम्हाला चार पोती सिमेंट लागलं. पाणी मात्र बेताचं. मिस्त्रीला आधी हे पटेना. स्लॅबला तो सैल माल घालतो, तो आपोआप पसरतो. उतारावर सैल माल घातला तर खाली घसरून पायथ्याशी ढीग होतो. मूठभर माल घट्ट दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये.

माल भरला की एक सरळ फळी दोन्ही प्लायच्या कडांवर आडवी ठेवायची आणि खालून वर ओढत न्यायची. प्लायची गोलाई मालावर उतरते. मग लाकडी रंधा. आणि मग थांबायचं. पृष्ठभागावरचं पाणी निघून गेलं, बोट दाबल्यावर हलकासा ठसा उमटला, की लोखंडी गुरमाळा फिरवायचा. घाईने कोरडं सिमेंट भुरभुरून पाणी टिपायचा मोह होतो. करू नका. वरची ती साय नंतर पापुद्र्यासारखी निघते.

संध्याकाळी सहाला काम संपलं. रॅम्प आरशासारखा दिसत होता. सगळ्यांनी फोटो काढले.

चुकलं कुठे

तो मे महिना होता. तिसऱ्या दिवशी घरातलं लग्न होतं, दमोहला. मिस्त्रीने जाताना एकच गोष्ट बजावली होती. तराई. म्हणजे पाणी मारणं. दिवसातून चार-पाच वेळा, निदान आठ-दहा दिवस. पहिल्या दोन दिवसांत आम्ही उत्साहाने पाणी मारलं. मग सगळे लग्नाला गेलो. शेजारच्यांना सांगून गेलो होतो, पण दुसऱ्याच्या परसातलं सिमेंट कुणाच्या लक्षात राहतं? चार दिवस बुंदेलखंडाच्या उन्हात तो रॅम्प कोरडा तापला.

परत आलो तर वरून तसाच होता. मामेबहिणीने फळी काढली आणि चाक फिरलं तिथे पांढरी रेघ उठली. नखाने खरवडलं तरी पीठ निघत होतं. आठवड्याभरात मधोमध तडा गेला आणि पायथ्याचा भाग पोपडे धरू लागला.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पाणी आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं आणि ही क्रिया कित्येक दिवस चालते. म्हणूनच काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजतात. मधेच पाणी उडून गेलं तर क्रिया अर्धवट राहते. दिसायला काँक्रीट पहिल्याच दिवशी तयार असतं. खरं तयार व्हायला त्याला कुणीतरी रोज येऊन बघावं लागतं.

मामी काही बोलली नाही. मामेबहीण रडली नाही. तिने फळी माळ्यावर ठेवून दिली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा

दिवाळीनंतर मामाने मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. वरचा थर फोडला. सळयांची जाळी वाकली होती, ती सरळ करून घेतली. भराव आणि पाइप शाबूत होते. पुन्हा तेच प्रमाण, तीच फळी, तोच गुरमाळा. या वेळी पायथ्याशी, जिथे रॅम्प संपून कोबा सुरू होतो, तिथे एक सांधा ठेवला, म्हणजे आकसताना काँक्रीट हवं तिथे फाटेल. पावसाचं पाणी पायथ्याशी साचू नये म्हणून कोब्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला.

आणि पाण्याची पाळी लावली. बारदानं भिजवून रॅम्पवर अंथरली. सकाळ मामाची, दुपार आजीची, शाळा सुटल्यावर मामेबहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी. मी तेव्हा तिथे आठ दिवस होते. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला परसात पाण्याचा आवाज आला म्हणून उठून बघितलं. मामा झोपलेला होता. परसात मामी होती. एका हातात पाण्याची नळी, दुसऱ्या हाताने ती बारदानाची सरकलेली टोकं नीट करत होती. मला बघून म्हणाली, "यांचा गजर वाजत नाही वेळेवर. परत फुटला तर?"

मी काही बोलले नाही. आत येऊन चहा टाकला.

चौदा दिवस पाणी चाललं. महिना होईपर्यंत कुणालाही वर चढू दिलं नाही. मग ती वेळ आली आणि जे व्हायचं तेच झालं. पहिल्याच रविवारी मामेभाऊ आणि गल्लीतली पाच-सहा मुलं रॅम्पवर, आणि तिन्ही मुली कोब्याच्या कडेला उभ्या. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. त्यांना जागाच झाली नव्हती.

आजी आतून खडू घेऊन आली. परसाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आधी मुली.' त्याखाली, 'अभ्यास झाल्याशिवाय कुणीच नाही.' मामेभाऊ म्हणाला, "आजी, हा अन्याय आहे." आजी म्हणाली, "असू दे. थोडा तूही चाखून बघ."

तेव्हा मला जनवार नीट कळलं. काँक्रीट घालणं हे चार दिवसांचं काम. ते कुणासाठी घातलं आहे हे रोज पाळणं, म्हणजे त्याला पाणी मारणं. जनवारचे दोन नियम ही त्या पार्कची तराई आहे. ती नसती तर तिथेही वरून गुळगुळीत आणि आतून ठिसूळ असं काहीतरी उरलं असतं.

तुम्ही जाल तेव्हा

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. खजुराहोला रेल्वे आणि विमानतळ दोन्ही आहेत. तिथून पन्न्यापर्यंत गाडी करून जा. वाटेत पांडव धबधबा बघा, पन्न्यात प्राणनाथ मंदिर आणि बलदेव मंदिर बघा. बलदेव मंदिराची बाहेरची घडण लंडनच्या सेंट पॉल चर्चची आठवण करून देणारी आहे.

जनवार हे पर्यटनस्थळ नाही, लोकांचं राहतं गाव आहे. गाडी रस्त्यावरच ठेवा. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. चॉकलेटं वाटत सुटू नका. तुमच्या मुलांना खेळायचं असेल तर पाळी येईपर्यंत थांबायला सांगा, आणि मुलीला आधी फळी मिळाली तर मुलाला तिथेच समजावून सांगा, का ते.

घरी रॅम्प बांधणार असाल तर हेल्मेट, कोपराचे आणि गुडघ्यांचे पॅड यांचा खर्च सिमेंटच्या आधी धरा. आणि पुढचे दोन आठवडे घरात लग्न नाही ना, ते पंचांगात बघून घ्या.

मामेबहीण गेल्या महिन्यात पुन्हा पडली. गुडघा चांगलाच सोलला. व्हिडिओ कॉलवर तिने तो मला कौतुकाने दाखवला. मागून मामी आली, जखम धुऊन मलम लावायला लागली. मला वाटलं, आता डागांचा विषय निघणार.

मामी म्हणाली, "पॅड बांधल्याशिवाय उद्या चढलीस ना, तर बघ."

उद्या चढायचं नाही, असं ती म्हणाली नाही.